चंद्र आणि वजूचे पाणी



मघाशी एका चाचांनी विचारले, "बेटा, चंद्रावर जाऊन फायदा काय? इथे नळाला पाणी नाही." प्रश्न रास्त आहे.

चंद्रावर माणूस शेवटचा उतरला तो डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो १७ मधून. पुढच्या तीन मोहिमा अमेरिकेने आधीच रद्द केल्या होत्या. रशियाला हरवून झाल्यावर पैसा कोण देणार? आपले राकेश शर्मा १९८४ ला अंतराळात गेले, त्यानंतर भारताचे शुभांशू शुक्ला थेट २०२५ ला. मध्ये ४१ वर्षे! माझ्या मते ही चाल फारच संथ आहे. ढगांचे फोटो, वादळाचा इशारा ही कामे उपग्रह करतात, त्यांना माणूस लागत नाही, हेही कबूल.

पण माणूस वर राहायचा म्हटला की पाणी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, श्वासातली वाफ, लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा पितात. तोंड वाकडे करू नका. २०२३ मध्ये नासाने तिथले ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवले. मराठवाड्याला याहून जवळचे विज्ञान कोणते? वजूचे पाणी त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ, तरी बहुतेक ठिकाणी आपण ते नालीत सोडतो.

सायन्सच्या मुला-मुलींनी कार्यक्रमानंतर थांबावे. एका जुम्म्याला किती लिटर जाते, ते आधी मोजू.