नाहीशा झालेल्या रोगाचा मागोवा



१९६३ साली कोलकात्यात थैमान घालणारा चिकुनगुनियाचा विषाणू १९७३ च्या बार्शीतील साथीनंतर देशातून जणू अदृश्य झाला. रोग गेला की समाज त्याला विसरतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. खोर्शेद पावरी मात्र विसरल्या नाहीत. कर्नाटकातील क्यासनूरच्या माकडतापाचा अभ्यास करणाऱ्या या विदुषीने १९८६ साली चिकुनगुनियाच्या नाहीसे होण्याचीच मीमांसा करणारा शोधनिबंध लिहिला. रोगी समोर नसतानाही रोगाचा विचार करणे, हीच खरी शास्त्रज्ञाची दूरदृष्टी होय.

२००५-०६ मध्ये तो विषाणू परतला आणि लाखो लोकांचे सांधे जखडले.

त्याचा वाहक एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आगरच्या वाड्यांतील टाक्या झाकल्या, पाणी साचलेल्या करवंट्या व पिंपे दर आठवड्याला कोरडी केली, तर डासाचा जन्मच टळतो. मग त्याला मारण्याचा प्रसंगही उरत नाही. साथ नसतानाच्या काळात पाळलेली ही दक्षता, हेच डॉ. पावरी यांच्या कार्याचे उचित स्मरण ठरेल.