पाऊस मंडळावर पडत नाही

(वाशीच्या फळबाजाराला भेट देऊन आल्यावर जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आपल्याकडे पऱ्हाट्या उपटून झाल्या, ज्वारी दाण्यावर आली, अशा दिवसांत मी नव्या मुंबईला वाशीच्या फळबाजारात गेलो होतो. हा बाजार १९९६ साली मुंबई शहरातून तिथे हलला. हापूसची पहिली पेटी आली की तिथे तिची पूजा होते, वर्तमानपत्रात फोटो येतो. शहराला वाटते, आंबा आला.

कोकणातला एक बागायतदार तिथे भेटला. मी विचारले, "दादा, यंदा मोहोर कसा?" तो म्हणाला, "झाडावर आहे तोवर तो माझा नाही. पेटीत भरला की मोजू."

असे का म्हणाला? आंब्याला मोहोर यायला कोरडी थंडी लागते. मोहोरावर पाऊस पडला, नुसते ढग आले, तरी तुडतुडे, भुरी, करपा धावून येतात. मग फवारणीमागून फवारणी. बरे, थंडी जास्त पडली तर? कैरी लागलेल्या फांदीलाच पुन्हा मोहोर फुटतो आणि पहिली कैरी गळून जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर जिब्रेलिक आम्लाची फवारणी सांगितली आहे. म्हणजे आणखी एक खर्च. यातूनही वाचले आणि मार्चमध्ये पारा एकदम चढला, की सुपारीएवढ्या कैरीचा सडा. हजारो फुलांतून एखादे फळ हाताला लागते.

आता सांगा, यात तुम्हाला परके काय वाटले? ढगाळ हवेत कपाशीची पातेगळ आपण पाहतो. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की कापसाची कवडी होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपिटीने उभी ज्वारी आडवी केली, हरभरा झोडपला. कोकणातला बागायतदार श्रीमंत आणि आपण गरीब, असे आपण म्हणतो. पण आभाळ फिरले की दोघांचेही हात रिकामे.

मग विमा कशाला आहे? इथे नीट लक्ष द्या. आंब्याचा विमा हवामानावर चालतो. ठरलेल्या तारखांच्या आत, मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस, थंडी किंवा उष्मा ठरलेल्या मर्यादेपलीकडे नोंदला गेला, तर भरपाई. आपल्याकडे राज्य सरकारने २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आणला आणि २०२५ च्या खरिपात तो बंद केला. त्या हंगामापासून भरपाई ठरली ती पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर. तिकडे हवा मोजतात, इकडे उतारा मोजतात. पण दोन्हीकडे मोजमाप मुख्यतः मंडळाचे. तुमच्या बांधाचे क्वचितच.

भावांनो, पाऊस मंडळावर पडत नाही. तो एका शिवारात पडतो आणि नाल्यापलीकडे कोरडे ठेवतो. गार तर एका पट्ट्यातून जाते. केंद्र दूर असेल, तर तुमची गार त्याला दिसणार कशी?

केंद्र सरकारने २०२३ साली 'विंड्स' नावाची योजना जाहीर केली. तीत ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत. आपल्या गावात तो बसला का? नसेल तर कधी बसणार? ग्रामसभेत ठराव करा, लेखी उत्तर मागा.

आणि तोवर हात बांधून बसू नका. गावात एक साधे पर्जन्यमापक आणा. रोज सकाळी एकाच वेळी पाहा, तारीख घालून वहीत लिहा. गार पडली, पाते गळाले, कणीस काळे पडले, त्याच दिवशी फोटो काढा. ही वही विमा कंपनी मानणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण गावोगावच्या शंभर वह्या आणि मंडळाचा एक आकडा जुळला नाही, तर उत्तर त्यांना द्यावे लागेल.

आपला तोटा आपणच मोजला नाही, तर तो झालाच नाही असे म्हणायला लोक तयार बसले आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावे, एवढेच मागतो.