खाऱ्या पाण्यातील तहान

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सिंदेवाही मुक्कामी दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, सहकारी संस्था आणि तलावांचे ठेके या विषयांवर आजवर पुष्कळ बोलणे झाले आहे व पुढेही होईल. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘मासा’ असे सांगितले. ढिवरांच्या मेळाव्यात माशावर व्याख्यान देणे म्हणजे गंगापुत्रास गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. म्हणून ज्याच्याशी आपली रोजची गाठ नाही, अशा समुद्रातील माशापासून आरंभ करतो. त्याची अडचण एकदा ध्यानी आली की आपल्या तलावातील माशाची अडचण नेमकी उलट होऊन पुढे उभी राहते, आणि विकत आणलेली बोटुकली वाटेत का दगावते याचाही उलगडा होतो.

सिंदेवाहीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपल्या आठवडी बाजारात तो सुकट आणि बोंबील यांच्या रूपानेच काय तो येतो. परंतु ज्यांनी मुंबईस किंवा कोकणात ताजी सुरमई अथवा पापलेट खाल्ले असेल, त्यांना एक गोष्ट आठवत असेल : त्या कालवणात मीठ वरून घालावे लागते. जन्मभर खारट पाण्यात राहिलेल्या माशाचे मांस समुद्रासारखे खारट नसते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या पाण्यातील सामान्य माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच. बाहेर एवढा खार असता आत तो शिरत का नाही? शिरत असेल तर जातो कोठे?

याचे उत्तर आपल्या घरातील बायाबापड्यांना अर्धे ठाऊक आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते व फोडी आकसतात. उलट, वाळलेली मोहफुले साध्या पाण्यात भिजत घातली की टरारून फुगतात. दोहोंतील नियम एकच. पाण्याला वाट देणारा पण विरघळलेल्या पदार्थांना सहसा अडविणारा पातळ पडदा मध्ये असला, म्हणजे पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जाते. यास हल्लीच्या शालेय पुस्तकांत परासरण म्हणतात. जुन्या परिभाषेत तर्षण असा शब्द होता. तर्ष म्हणजे तहान. मला तो जुना शब्दच अधिक समर्पक वाटतो.

माशाची कातडी, तिच्यावरील खवले आणि बुळबुळीत चिकटा मिळून पाण्याला बरीचशी अटकाव करतात. परंतु कल्ल्यांचे तसे नाही. पाण्यातील प्राणवायू रक्तात यावयाचा तर रक्त आणि पाणी यांमधील पडदा अतिशय पातळ हवा व त्याचा विस्तारही मोठा हवा. श्वासासाठी ठेवलेली ही खिडकी बंद करता येत नाही. समुद्रातील माशाच्या रक्तातील पाणी याच खिडकीतून क्षणोक्षणी बाहेर खेचले जाते. म्हणजे चहूकडे अथांग पाणी असता हा जीव त्या कैरीच्या फोडीप्रमाणे सुकत असतो.

तो यावर उपाय करतो तो अगस्ती ऋषींचा, समुद्रच पितो. किलोभर वजनाचा मासा दिवसाकाठी सुमारे ५० ते १०० मिलिलिटर, काही जाती त्याहून अधिक, खारे पाणी गिळतात. आपण तसे करू गेलो तर तहान वाढेल, कारण मनुष्याचे मूत्रपिंड समुद्राइतके खारट मूत्र करू शकत नाही. प्यालेल्या पाण्यातील मीठ बाहेर टाकण्यास प्यालो त्याहून जास्त पाणी खर्ची पडते. नौका फुटलेले खलाशी भर समुद्रात तहानेने मरत, ते यामुळेच. माशाचे मूत्रपिंड तर याबाबतीत आपल्याहूनही दुबळे आहे. त्याचे मूत्र त्याच्या रक्ताहून अधिक खारट होऊच शकत नाही. मग त्याचे भागते कसे?

अमेरिकेतील होमर स्मिथ या शास्त्रज्ञाने १९३० साली ही गाठ सोडविली. त्याने माशांच्या पाण्यात आतड्यातून शोषला न जाणारा एक रंग मिसळला. काही वेळाने आतड्यात तो रंग बाहेरच्यापेक्षा गडद झालेला आढळला. अर्थ उघड होता : मासा पाणी पितो आणि त्यातील बहुतेक पाणी शरीरात ओढून घेतो. पाण्याबरोबर मीठही आत जाते. मूत्र तर अगदी थोडे. तेव्हा मिठाची वाट दुसरी असली पाहिजे आणि ती कल्ल्यांतूनच, असा त्याने तर्क केला. लगेच पुढल्या वर्षी कोपनहेगन येथे ऑगस्ट क्रोग यांच्या प्रयोगशाळेत अॅन्सेल कीज याने ईल नावाच्या सर्पाकृती माशाच्या कल्ल्यांवर प्रयोग करून तो तर्क खरा करून दाखविला. कल्ल्यांत विशिष्ट पेशी असतात. त्या रक्तातील मीठ उचलून त्याहून कितीतरी खारट असलेल्या समुद्रात लोटतात. चढावर ओझे नेण्यासारखे हे काम आहे. त्याला शक्ती लागते, आणि माशाच्या अन्नाचा काही भाग यातच खर्च होतो. या कामामागचा जो मूळ पंप, त्याचा शोध डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करीत असता लावला. त्यांना त्याबद्दल १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खेकडा आपल्यापैकी प्रत्येकाने बांधावर धरला आहे. त्याच्या पायात एवढे भांडार असेल असे कोणास वाटले होते!

साध्या मिठाव्यतिरिक्त समुद्रात मॅग्नेशियम, चुना वगैरेंचे क्षारही असतात. त्यांपैकी मॅग्नेशियम मुख्यतः थोड्याशा मूत्रावाटे जाते; चुन्याचा बराच भाग आतड्यातच पांढऱ्या कणांच्या रूपाने साकळून बाहेर पडतो.

शार्क, ज्याला किनाऱ्यावर मुशी किंवा मोरी म्हणतात, त्याची रीत मात्र निराळी. जो युरिया आपण मूत्रावाटे टाकून देतो, तो हा मासा रक्तात साठवून ठेवतो आणि रक्ताची दाटी समुद्राच्या बरोबरीला आणतो. त्यामुळे त्याचे पाणी निसटत नाही व समुद्र पिण्याची गरजही पडत नाही. मुशीचे मांस शिळे झाले की नवसागरासारखा उग्र दर्प येतो, तो या युरियाचाच परिणाम.

आता आपल्या तलावाकडे वळू. रोहू, कटला, मृगळ यांच्या रक्तात मीठ आहे आणि भोवतालचे पाणी जवळजवळ बिनमिठाचे. म्हणजे हे मासे मोहफुलाच्या बाजूचे. कल्ल्यांतून पाणी सतत आत घुसते, आणि मीठ बाहेर झिरपते. म्हणून गोड्या पाण्यातील मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. पातळ मूत्र भरपूर सोडतो आणि पाण्यात असलेले कणभर मीठ कल्ल्यांनी वेचून घेतो. समुद्रातील माशाला कोरडे पडण्याचे भय, आपल्या माशाला आतून बुडण्याचे.

बोटुकली दगावण्याचे एक मोठे कारण येथेच आहे. कोरड्या हाताने किंवा कोरड्या कापडावर बीज मोजले, खरबरीत जाळ्यात रगडले, की अंगावरचा चिकटा व खवले निघतात आणि बांधाला भोक पडावे तसे पाणी आत शिरू लागते. घाबरलेला मासा कल्ल्यांतून अधिक रक्त खेळवितो, त्यामुळे मिठाची गळतीही वाढते. असे बीज सोडताना जिवंत दिसते व दोन-तीन दिवसांनी काठाला लागते. मग आपण पुरवठादाराला किंवा नशिबाला बोल लावतो. हात ओले करून बीज हाताळणे, पिशवी पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवून मगच तोंड सोडणे, हे आपल्यातील अनुभवी लोक करतातच. त्याबरोबर बोटुकली नेताना दहा लिटर पाण्यात ३० ते ५० ग्रॅम साधे मीठ घालावे. बाहेरच्या पाण्याचे आणि रक्ताचे अंतर तेवढे कमी होते व माशाचे श्रम वाचतात. कोवळ्या मत्स्यजिऱ्यांच्या बाबतीत मात्र मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास विचारल्याविना हा प्रयोग करू नये. शाळेत परासरण बटाट्याच्या प्रयोगाने शिकवितात. आमच्या मुलांना ते बोटुकलीवरून शिकविले असते, तर त्या धड्यात कितीजणांचे लक्ष लागले असते!

कोणी विचारील, गोड्या पाण्याचा मासा समुद्रात जाऊ शकेल काय? रोहू नाही जाऊ शकत. परंतु दोन्ही पाण्यांचे कसब असलेले थोडे मासे आहेत. पाला मासा समुद्रातून नदीत अंडी घालण्यास चढतो. बंगाली लोक त्यास इलिश म्हणतात. त्याच्या उलट चालीचा आपला अहीर. पाठीवर काटे असलेली वाम निराळी. नावांचा घोळ आपल्याकडे आहे. अहीर हा कीजने ज्याच्यावर प्रयोग केले त्या ईलचा जातभाई. त्याची पिले समुद्रात जन्मतात, नदीने वर येतात, वर्षानुवर्षे डोहात राहतात आणि अंडी घालण्यास पुन्हा समुद्रात जातात. ईल जातीचे मासे समुद्राकडे निघाले की त्यांचा रंग पालटतो, खाणे सुटते आणि कल्ल्यांतील मीठ फेकणाऱ्या पेशी वाढू लागतात. मीठ वेचणारे कल्ले मीठ टाकणारे होतात. एवढी तयारी करून निघालेल्या जिवाला फक्त वाट मोकळी हवी.

आपल्या तालुक्याचे पाणी अखेर वैनगंगेस मिळते. चपराळ्याजवळ वर्धा मिळून तिची प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी ती गोदावरीस मिळते आणि मग पूर्वसमुद्र. या वाटेवर चामोर्शीकडचा चिचडोह बंधारा आहे, २०१९ साली सुरू झालेला मेडिगड्डा बंधारा आहे, आणि अगदी खाली धवळेश्वरम्, जेथे १८५२ सालापासून नदी अडविली आहे. वरच्या अंगाला गोसीखुर्दचे धरण आहे, ज्याची कोनशिला १९८८ साली बसली. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर अलाहाबादेकडे चढणारा पाला जवळजवळ नाहीसा झाला. सिंचनाला पाणी हवे, यात वाद नाही. भाताच्या मुलखात राहणारा तो घालणारही नाही. परंतु बंधारे बांधताना माशाला चढण्या-उतरण्याची पायवाट ठेवावी, ही मागणी ज्यांनी करावयाची ते लोक या मंडपात बसले आहेत.

मागणी करावयाची तर पुरावा हवा. वडीलधाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की आपण शेवटचा अहीर कोणत्या साली, कोणत्या डोहात, कोणत्या नक्षत्रात धरला आणि तो केवढा होता, हे आठवून चिटणीसांकडे लेखी द्यावे. ज्यांना लिहिण्याची अडचण असेल त्यांनी निरोप पाठवावा. वही घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी येईन.