शैक्षणिक कर्ज : संकोच नको, सचोटी हवी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त ट्रस्टने आयोजित केलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या धर्माने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली. त्यांतील शास्त्रदानाचा अर्थ आपल्या पूर्वजांनी काळानुसार विस्तारला. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा या नावाने आरंभ झालेल्या आजच्या दक्षिण भारत जैन सभेने शिक्षणप्रसार हे आपले मुख्य कार्य मानले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून ज्ञानाची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी उघडली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या परंपरेचे आपण वारस आहोत.

त्या काळी दागिने मोडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे. परंतु त्या मार्गाने जाण्यास आपला समाज कचरतो. हा संकोच कसा दूर व्हावा, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

जैन समाज म्हणजे सधन समाज, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. किराणा दुकानावर गुजराण करणारे, दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिणारे, एक-दोन एकर शेती कसणारे कितीतरी संसार आपल्या या सभागृहातच आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क लाखांत गेले आहे. ट्रस्टची शिष्यवृत्ती मोलाची असली, तरी एवढा भार ती उचलू शकत नाही.

माझी उभी हयात बँकेच्या सेवेत गेली. एकदा समाजातील एक गृहस्थ मुलीच्या अभियांत्रिकीच्या शुल्कासाठी सोनेतारण कर्ज मागावयास आले. मी शैक्षणिक कर्ज सुचविले. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मुलीच्या नावावर कर्ज आहे असे कळले, तर उद्या सोयरीक कशी जमायची?" त्यांच्या थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी मात्र त्यांनी पूर्वीच कर्ज काढले होते. सोन्यावरील कर्ज वर्षाच्या आत फेडावयाचे असते, तर पदवीला चार वर्षे लागतात. दुसऱ्या वर्षी उरलेले सोने तारण पडले. तिसऱ्या वर्षी घरात सोने राहिले नाही. तेव्हा ते पुन्हा आले आणि उरलेल्या दोन वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज घेतले. मुलगी शिकली, पण ज्या आईचे दागिने गेले, तिचा विचार कोणी केला? मुलाचे कर्ज ही गुंतवणूक आणि मुलीचे कर्ज हा कलंक, हा भेद सम्यक् दृष्टीच्या कोणत्या कसोटीवर उतरतो?

आता मूळ विषयाकडे वळू. पालकांनी एक क्रम ध्यानात ठेवावा : आधी सवलत, मग कर्ज. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी देण्यात आली. आपली मुलगी यांपैकी कोणत्या वर्गात बसते, हे प्रवेशापूर्वीच पाहून दाखला काढून ठेवावा.

यानंतर उरेल तेवढ्यासाठी कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण वा तिऱ्हाइताचा जामीन मागितला जात नाही. पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास २०१५ पासून केंद्र शासनाच्या पतहमी निधीचा आधार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळाल्यास तीनुसार तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, ३ टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातील संपूर्ण व्याजाचे अनुदान आहे. मात्र दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेणाऱ्यास ही ३ टक्क्यांची सवलत मिळत नाही. म्हणून दोहोंचा हिशेब मांडूनच निवड करावी.

२०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचा मार्गही आपणास खुला झाला. परंतु ऐकीव माहितीवर विसंबू नये. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजासाठी असलेली 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली, तरी तिच्या आशेवर नियोजन करणारे पालक नंतरही भेटत राहिले.

कर्जाचे गणितही समजून घ्यावे. समजा, चार वर्षे दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये १० टक्के दराने उचलले. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज चढतच असते. सरळ व्याजाने ते १ लाख ४० हजार होते. ५ लाख ४० हजारांची दहा वर्षांत फेड करावयाची, तर महिना सुमारे ७,१०० रुपये लागतात. हेच व्याज शिक्षण चालू असताना दरमहा भरले, तर पहिल्या वर्षी महिन्यास सुमारे ८३३ रुपये आणि चौथ्या वर्षी सुमारे ३,३३३ रुपये भरावे लागतील. पुढे हप्ता सुमारे ५,३०० वर येईल. दहा वर्षांत सर्व मिळून सुमारे ८० हजारांची बचत होते. ज्यांना शक्य आहे, त्यांनी हे अवश्य करावे.

अर्जासोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशपत्र, संस्थेचे शुल्कपत्रक, आधार, पॅन आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्यास वेळ लागतो. निकालाची वाट न पाहता तो आधीच मागावा. अर्जाची पोच घ्यावी आणि अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सवलतीसाठी उत्पन्न कमी दाखविण्याचा मोह होतो. सत्याणुव्रताच्या अतिचारांत आचार्यांनी कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, आणि न्यासापहार, म्हणजे दुसऱ्याची ठेव गिळणे, हे दोन्ही दोष सांगितले आहेत. खोटा दाखला हे पहिले आणि ऐपत असून हप्ते बुडविणे हे दुसरे. कारण बँक जे पैसे देते, ते कोणा विधवेच्या, कोणा निवृत्त शिक्षकाच्या ठेवीतूनच येतात. नोकरी लागण्यास विलंब झाल्यास तोंड लपवू नये. बँकेत जाऊन मुदतवाढ मागावी. हप्ते थकले, तर विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदार पालकांचीही पत जाते.

विद्यार्थ्याने उपकृत न राहता परतफेड करून मोकळे व्हावे, ही कल्पना नवी नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्तीचा निधी स्थापिला. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयानेही कर्जरूप साहाय्याची पद्धत जोपासली. फेडलेला रुपया पुढच्या विद्यार्थ्यास मिळतो, हे या पद्धतीचे पुण्य.

म्हणून विश्वस्त मंडळास दोन सूचना करतो. प्रवेशाच्या हंगामात, जून ते ऑगस्ट, दर रविवारी येथे कर्ज-साहाय्य केंद्र चालवावे; आपल्यातील निवृत्त बँक अधिकारी व लेखापाल त्यासाठी आनंदाने वेळ देतील. दुसरे असे की, कर्ज मंजूर होऊनही रक्कम हाती येण्याआधीच प्रवेशाची मुदत संपते आणि जागा जाते. तेवढ्या काळासाठी बिनव्याजी रक्कम देणारा एक फिरता निधी सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून उभारावा. बँकेचा पैसा येताच ती रक्कम निधीत परत यावी.

आणि माता-पित्यांनो, अपरिग्रहाचा उपदेश ऋण घेऊन शिकण्याच्या आड येत नाही. लग्नसमारंभाच्या थाटासाठी काढलेले ऋण परिग्रह वाढविते. विद्येसाठी काढलेले ऋण ज्ञानावरणाचा एक पडदा दूर सारण्यास साहाय्य करते. आपल्या मुलीने स्वतःच्या कमाईतून शेवटचा हप्ता भरला, तर ती पावती तिच्या सासरी अभिमानाने दाखवावी, लपवू नये.