आधी डबा तपासा

विमानाच्या कॉकपिटमधली यंत्रं दुरुस्त करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. यंत्र नीट झालं की नाही हे ठरवायला दुसरं यंत्र लागतं. त्याला आम्ही ‘टेस्ट सेट’ म्हणायचो. परदेशी टेस्ट सेटची किंमत ऐकली की लहान वर्कशॉपचा मालक कानांवर हात ठेवायचा. मग आम्हीच घरगुती डबे बनवायचो. अशाच एका डब्याची ही हकिकत.

जुन्या पद्धतीच्या दिशादर्शकात ‘सिंक्रो’ नावाचा भाग असतो, दिसायला छोट्या मोटरसारखा. दोन सिंक्रो तारांनी जोडले की एकाचा दांडा जितके अंश फिरवाल, तितकाच दुसऱ्याचाही फिरतो. विमानात दूर कुठेतरी बसवलेल्या होकायंत्राची दिशा अशी वैमानिकासमोरच्या तबकडीवर येते.

या सिंक्रोला वीज लागते 26 व्होल्टची. पण घरातल्यासारखी सेकंदाला 50 आवर्तनांची नव्हे, तर 400 आवर्तनांची. आवर्तनं जास्त असली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान, हलक्या करता येतात, आणि विमानात वजनालाच मोल! तोच सिंक्रो 50 आवर्तनांच्या 26 व्होल्टवर लावला, तर गुंडाळीतून कित्येक पट प्रवाह वाहतो आणि ती जळते.

आता 400 आवर्तनं म्हणजे कानाला चक्क ऐकू येणारा सूर. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, तो सूर काढणारं छोटं सर्किट जुळवलं, त्याला गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि पुढे ट्रान्सफॉर्मर. मोडीत निघालेल्या यंत्रातला एक चांगला सिंक्रो घेतला, त्याच्या दांड्यावर काटा बसवला आणि मागे कंपासपेटीतले दोन कोनमापक चिकटवले. झाला टेस्ट सेट! काटा 90 वर नेला की समोरचा दर्शक 90 दाखवायचा. मला आकाश ठेंगणं झालं.

एके दिवशी एक दर्शक सगळीकडे पाच अंश जास्त दाखवू लागला. मी तो उघडला आणि त्याची सुई सरकवायला स्क्रू सैल करणार, तोच आमचे वरिष्ठ आले. त्यांना आम्ही मास्तर म्हणत असू. त्यांनी विचारलं, “दुसरा दर्शक लावून पाहिलास?” पाहिला. तोही बरोबर पाच अंश जास्त! मास्तर म्हणाले, “दोघं एकदम सारखेच कसे चुकतील? अरे, आधी तुझा डबा तपास.”

माझ्याच काट्याचा स्क्रू ढिला झाला होता.

दिशा एक अंश चुकली, तर 60 सागरी मैलांवर विमान साधारण एक मैल बाजूला जातं. पाच अंश म्हणजे पाच सागरी मैल, नऊ किलोमीटरच्या वर. चांगलं यंत्र मी ‘दुरुस्त’ करून बिघडवायला निघालो होतो. पुढच्या तपासणीत ते कदाचित सापडलंही असतं. पण ‘कदाचित’च्या भरवशावर विमान सोडत नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी पहिलं काम एकच. काटा शून्यावर ठेवायचा आणि सिंक्रोच्या ठरलेल्या दोन तारांमधला दाब मल्टिमीटरने मोजायचा. तो शून्यच यायला हवा. तसा तो 180 अंशांवरही शून्यच येतो, म्हणून खात्रीचा एक दर्शक कपाटात वेगळा ठेवला.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींनी असे डबे जरूर बनवावेत. यंत्र आतून कळतं ते असंच. मात्र रेडिओ यंत्राची चाचणी घेताना संकेत तारेतूनच द्यावा, अँटेनातून हवेत सोडू नये. तिथे खरी विमानं ऐकत असतात. आणि दोष शोधायला घरचा डबा चालतो, विमानात बसवण्याचा दाखला द्यायला चालत नाही. त्यासाठी प्रमाणित उपकरणच हवं, ज्याच्या मोजमापाचा धागा पार दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेल्या मानकांपर्यंत पोचतो.

माझा तो डबा अजून माळ्यावर आहे. त्याच्या झाकणावर मी त्याच दिवशी रंगाने लिहिलं होतं, ‘आधी मला तपासा’.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)