सभा आणि हजेरी
(हीरकमहोत्सवानिमित्त अड्यार, चेन्नई येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पोलिश भाषेत ‘सेइमिक’ असा एक शब्द आहे. ‘सेइम’ म्हणजे तेथील लोकसभा. ‘सेइमिक’ म्हणजे लहान सेइम. एकत्र जमण्याचा अर्थ त्याच्या मुळाशी आहे. पूर्वी प्रांतोप्रांतीच्या उमरावांच्या सभेस हे नाव होते. १९९९ पासून पोलंडच्या १६ प्रांतांच्या निर्वाचित सभा तेच नाव धारण करतात.

आपण ज्या तमिळ भूमीवर जमलो आहोत, तेथील चोळकालीन शिलालेखांत ‘नाडु’ हा शब्द प्रदेशवाचक आहे आणि त्या प्रदेशाच्या सभेचाही वाचक आहे. भूमी आणि तिच्याविषयी विचार करणारी माणसे यांना एकच नाव पुरले.

आपल्याकडे होती गोतसभा. ‘गोत’ हा शब्द ‘गोत्र’ यावरून आला. परंतु येथे रक्ताच्या नात्याची अट नव्हती. वतनाचा तंटा निघाला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्यासह बलुतेदारही बसत. समाजातील उच्चनीचता त्यामुळे मिटली नाही, हे खरे; तरीही निवाड्याच्या कागदावर पाटलाचा नांगर उमटे, तशी चांभाराची आरीही उमटे. अक्षरओळख नसलेल्याचे अवजार हीच त्याची सही.

त्या कागदाला ‘महजर’ म्हणत. हा शब्द अरबी. ‘हजर’, ‘हुजूर’ आणि आपल्या वर्गातली ‘हजेरी’ ही त्याच धातूची अपत्ये. जे समक्ष उपस्थित होते, त्यांच्या साक्षीने झालेला निर्णय तो महजर. निवाड्याचे बळ उपस्थितीत होते.

मराठी माध्यम टिकवावे की बदलावे, हा प्रश्न आज अनेक शाळांपुढे उभा आहे. तो आपल्या शाळेपुढे आला, तर निर्णय कोणी करावा? केवळ विश्वस्तांनी करावा, असे मला वाटत नाही. ज्या पालकांची मुले वर्गात बसतात आणि ज्यांनी येथे पहिले अक्षर गिरवले, ते सारे या शाळेचे गोत आहेत. दूर राहून हळहळणे सोपे असते. पालकसभेला वेळ काढून येणे, पहिलीच्या प्रवेशासाठी शेजाऱ्याशी बोलणे, हे कष्टाचे आहे. तेवढे कष्ट आपण घ्यावेत, आणि शाळेचा निर्णय होईल त्या दिवशी आपली हजेरी लागावी, एवढीच विनंती करतो.