परक्या पावलांचे भय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच दिवशी मी लोणच्यांवर बोलले होते. यंदा कुत्र्यावर बोलणार म्हटल्यावर काही जणींना हसू आले. पण आमच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणी हसल्या नाहीत. आमच्या मोत्याचा आवाज त्यांनी दोन वर्षे ऐकला आहे.

घरच्यांशी मोत्या अगदी गरीब गाय. परका माणूस गॅलरीत दिसला की मात्र त्याच्या अंगात यायचे. एके दिवशी पार्सल घेऊन आलेला मुलगा त्याला भिऊन मागे सरला आणि जिन्याच्या तीन पायऱ्या घसरला. खरचटण्यावर निभावले; पण त्या पोराचे थरथरणारे हात मी विसरलेली नाही. रात्री चाळीतली मंडळी आमच्या दाराशी आली. महिन्याभरात कुत्रा आवरा, नाहीतर दुसरीकडे पाठवा, असे त्यांनी सांगितले. त्यांचे काही चुकले होते असे मला तेव्हाही वाटले नाही. सासूबाई मात्र ती रात्र मोत्याशेजारी बसून होत्या.

तोवर माझी समजूत अशी की कुत्रा माजला आहे. भुंकला की मी वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर मारी. त्याने भुंकणे वाढलेच. शेवटी त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेले. दिनशा पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावे दिलेल्या देणगीतून १८८० नंतरच्या दशकात उभे राहिलेले हे हॉस्पिटल आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. पण आपल्यापैकी कितीजणी आत गेल्या आहेत? आधी कान, दात, सांधे तपासून घ्यावेत, हे तिथे कळले. दुखणाऱ्या जनावराला परक्याचा हात नकोसा होतो. मोत्याचा एक कान आतून सडला होता. तो बरा झाला, तरी भुंकणे अर्धेच उरले, संपले नाही.

उरलेले होते ते भय. भुंकून परका माणूस निघून जातो, एवढाच धडा तो रोज शिकत होता. पार्सलवाला तर पार्सल देऊन जाणारच; पण मोत्याला वाटे, मीच घालवला. आणि माझा मार म्हणजे परका दिसला की नाकावर तडाखा बसतो, ही आणखी एक खात्री.

यावरचा उपाय एका बाईने शोधून ठेवला आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली एका लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो सशाला भीत असे. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, आणि मूल रडणार नाही इतक्याच बेताने जवळ आणायचा. शेवटी मुलाने सशाला हात लावला. आमच्या घरी ससा म्हणजे परका माणूस, एवढाच फरक.

पहाटे साडेपाचला, रस्ता मोकळा असताना, मी मोत्याला खाली नेऊ लागले. माणूस दिसावा, पण मोत्याने भुंकू नये, एवढे अंतर शोधायचे. आरंभी ते रस्त्याच्या पलीकडचे होते. माणूस दिसला की लगेच उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. माणूस दिसेनासा झाला की तुकडा बंद. हा क्रम उलटा झाला तर सारे फुकट. आधी खाऊ दाखवला तर कुत्र्याला खाऊचाच संशय येतो! पाच-सात मिनिटांत परत. दोरी सैल. भुंकलाच तर रागवायचे नाही, मागे फिरायचे. अंतर चुकले ते आपले. काही दिवस दोन पावले पुढे, काही दिवस चार मागे.

भुंकण्याआधी तो सांगतो, हेही मग दिसू लागले. झोप नसताना जांभई, जिभेने ओठ चाटणे, अंग ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे. शेपूट हलते म्हणजे खूश असतो असे नाही. आणि गुरगुरण्यावर मारू नका. गुरगुरणे ही त्याची घंटा आहे. ती काढून टाकली तर कुत्रा न सांगता चावतो.

घरात दोन गोष्टी केल्या. गॅलरीच्या कठड्याला खालून पुठ्ठे बांधले, म्हणजे येणारी-जाणारी पावले दिसेनाशी झाली. आणि जाळीचे मुसके, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, ते त्याला घरातच हळूहळू आवडते केले. मुसके दिसल्यावर शेजाऱ्यांचा जीवही खाली पडला. महिन्याची मुदत त्यांनी आपण होऊन वाढवली.

शेजारणींकडे माझे मागणे थोडे होते. त्याच्या डोळ्यांत पाहू नका, डोक्यावरून हात नेऊ नका, अंग थोडे तिरपे ठेवून जा, काही बोलू नका. सर्वांत अवघड गेले ते शेवटचे!

चिंतामणीचे आगमन असले की आपल्या पुलापासून लालबागपर्यंत ढोल-ताशे आणि माणसांचा समुद्र. त्या दिवशी शिकवण्याचा हट्ट नको. पहाटे फिरवून आणते, मग आतल्या खोलीत दार-खिडक्या लावून, पंखा मोठा करून सासूबाई त्याच्याजवळ बसतात. त्यानंतर दोन-तीन दिवस तो बिथरलेलाच असतो. तेवढे दिवस पाहुणे नकोत.

कुणाला कुत्रा चावला वा नख लागून रक्त आले, तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. पाळीव कुत्रा असला तरी. सगळ्या मात्रा पुऱ्या करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही.

या सगळ्याला आम्हांला नऊ महिने लागले. आता पोस्टमन येतो तेव्हा मोत्या चटईवर बसून माझ्या हाताकडे पाहतो. हेल्मेट घालून वर येणाऱ्यांवर अजून भुंकतो. गेल्या आठवड्यात पार्सल घेऊन तोच मुलगा आला. जिन्यातच थांबून त्याने विचारले, "आहे का तो?" मी म्हटले, "आहे, पण बांधलाय. तू हेल्मेट काढ आणि तिथूनच हा तुकडा टाक." त्याने टाकला. मोत्याने खाल्ला. मुलगा पायरीवरून वर काही आला नाही, आणि मीही त्याला ये म्हटले नाही.